कुत्रा चावल्यावरची इंजेक्शनं: लसीला पैकीच्या पैकी, सीरम मात्र मागून घ्यावं लागतं

प्राथमिक आरोग्य केंद्रात, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात सगळेजण ज्याला ‘कुत्र्याचं इंजेक्शन’ म्हणतात, तो खरं तर तीन गोष्टींचा संच आहे: साबण-पाणी, लस आणि सीरम, म्हणजे रेबीजच्या विषाणूला अडवणारी तयार प्रतिद्रव्यं. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो, खासगीत पैसे मोजून. लस दोन्हीकडं चांगली मिळते. साबणाकडं दोन्हीकडं दुर्लक्ष होतं. आणि गाडी अडते ती सीरमपाशी, म्हणून या परीक्षणात त्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी या संचाचं काम काय, ते. रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. चाव्याच्या जागी स्नायूत तो काही काळ रेंगाळतो, मग जवळच्या नसेत (म्हणजे मज्जातंतूत, रक्तवाहिनीत नव्हे) शिरतो आणि नसेतूनच मेंदूकडं सरकत जातो. चावा ते लक्षणं हा काळ बहुधा १ ते ३ महिन्यांचा असतो. क्वचित आठवडाभराचा, क्वचित वर्षाहूनही जास्त. पाण्याचा घोट किंवा वाऱ्याची झुळूक यानं घशाला आचके येऊ लागले की माणूस वाचणं जवळपास अशक्य. म्हणजे जे काही करायचं ते विषाणू नसेत शिरण्याआधी. चेहरा, मान आणि हाताची बोटं इथं नसांचं जाळं दाट असतं, म्हणून तिथला चावा सगळ्यात कमी सवड देतो.

साबणापासून सुरुवात करू, कारण तो घरात असतो आणि फुकट जातो. या विषाणूला चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. कोणताही साबण चालतो, अंगाचा किंवा कपड्याचाही. वाहतं पाणी हवं आणि वेळ हवा पूर्ण १५ मिनिटं. ही १५ मिनिटं फार लांब वाटतात. घड्याळ न लावता धुणारे दोन मिनिटांत उरकतात. दाताचं भोक अरुंद असलं तर कडा बोटांनी जरा फाकवून धार आत जाऊ द्यायची, पण ब्रशनं खरवडायचं नाही. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावायचं. हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू यांपैकी काहीही नको: जखम चुरचुरते, ऊती आणखी दुखावतात, आणि दवाखान्यात आधी ते काढण्यात वेळ जातो. पट्टीही घट्ट बांधायची नाही.

कित्येक अपघात कक्षांत रुग्णाला जखम धुता येईल असा नळ आणि साबण हाताशी नसतो. केस पेपर होतो, इंजेक्शन होतं, आणि जखम तशीच. तेव्हा घरूनच धुऊन निघा, आणि घरी धुतली नसेल तर दवाखान्यात पोहोचल्यावर आधी नळ शोधा. दोन-चार तास उलटले असले तरी धुण्याचा उपयोग होतो.

मग येते वर्गवारी. तीन पायऱ्या आहेत. जनावराला हात लावला, खाऊ घातलं, अखंड कातडीवर त्यानं चाटलं, ही पहिली. काही द्यायचं नाही. उघड्या कातडीला दात लागून हलकं खरचटलं, रक्त आलं नाही, ही दुसरी; लस. कातडी फाटली, रक्ताचा एक थेंब जरी दिसला, ओरखड्यातून रक्त आलं, आधीच्या जखमेवर चाटलं किंवा डोळ्यात-तोंडात लाळ गेली, ही तिसरी. लस आणि सीरम दोन्ही. पेपरवर ‘कॅट २’ किंवा ‘कॅट ३’ असं लिहिलेलं असतं. तेवढं वाचून घ्या, पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं.

इथं नेहमी होणारी चूक म्हणजे ‘चावला नाही, नुसतं नख लागलं’ असं सांगणं. कुत्रं-मांजर पंजा चाटतं, नखावर लाळ असते. रक्त आलं असेल तर नखाचा ओरखडाही तिसऱ्या वर्गातच जातो. दुसरी चूक पिल्लांची. गल्लीतल्या दोन महिन्यांच्या पिल्लाचे सुईसारखे दात पोरांच्या बोटांत रुततात आणि ‘पिल्लूच तर आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. रेबीजला वयाचं बंधन नसतं. पाळीव आणि लस टोचलेलं कुत्रं असलं तरी उपचार सुरू करायचे. मालकाचं लसीकरण कार्ड भरवसा वाढवतं, हमी देत नाही. एचआयव्ही, कर्करोगाची औषधं किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल तर ते आवर्जून सांगा. अशांना दुसऱ्या वर्गातही सीरम देतात.

लसीबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. अनेकांच्या डोक्यात अजून ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ बसलेली आहेत. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली सेंपल लस होती. १९११ मध्ये कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी ती बनवली, आणि तिनं काहींना मेंदूचे, मज्जारज्जूचे विकारही होत. भारतात तिचा वापर २००४ च्या अखेरीस बंद झाला. आताची लस पेशींवर वाढवलेल्या, निष्क्रिय केलेल्या विषाणूची असते आणि दंडात देतात. अभयरॅब, इंडिरॅब, रेबिव्हॅक्स-एस या व्हेरो पेशींवरच्या. रेबिप्युर, व्हॅक्सिरॅब-एन या कोंबडीच्या भ्रूणपेशींवरच्या. यांतली कोणती चांगली, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येक बाटलीत किमान २.५ आंतरराष्ट्रीय युनिट ताकद असावी लागते. मिळेल ती घ्या.

फरक पडतो तो देण्याच्या पद्धतीत. खासगीत बहुधा स्नायूत देतात: ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी एकेक पूर्ण बाटली, एकूण ५. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य धरायचा. चावल्याच्या दिवसापासून मोजणारे चुकतात. जिथं रोज रुग्ण जास्त, अशा सरकारी दवाखान्यात कातडीत देतात: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन्ही दंडांवर ०.१ मिलि, म्हणजे चार खेपा आणि आठ टोच. सगळे आठ टोच मिळून ०.८ मिलि लस लागते, ५ बाटल्यांचं काम एक-दोन बाटल्यांत होतं. ‘सरकारीत थोडीशीच देतात, फसवतात’ ही तक्रार त्यामुळं होते, पण ती खरी नाही. कातडीत संरक्षक पेशींचा पहारा दाट असतो, थोड्या लसीनंही प्रतिकार तितकाच उभा राहतो. भारतात या पद्धतीला २००६ मध्ये मान्यता मिळाली.

फक्त ती हातानं जमवावी लागते. सुई कातडीला जवळजवळ आडवी टेकवून वरच्या थरात सरकवायची, ०.१ मिलि गेल्यावर तिथं संत्र्याच्या सालीसारखी, बारीक छिद्रांची फिकट फुगवटी उठली पाहिजे, बीसीजीच्या वेळी उठते तशी. फुगवटी आली नाही म्हणजे लस कातडीखाली उतरली, तो टोच बाजूला पुन्हा द्यायचा. त्या क्षणी आपल्या दंडाकडं बघा, एवढं रुग्णालाही कळतं. गोंधळ इन्सुलिनच्या सिरिंजमध्येही होतो: १०० युनिटच्या सिरिंजवर ०.१ मिलि म्हणजे १० खुणा, ४० युनिटच्या सिरिंजवर ४ खुणा. सिरिंजा बदलल्या आणि सिस्टरचं लक्ष नसलं तर डोस अडीचपट किंवा अर्ध्याहून कमी होतो. उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवून सहा ते आठ तासांत संपवायची असते. म्हणून काही दवाखाने ठरलेल्या वेळीच कातडीतले डोस देतात. ती आडमुठेपणाची वेळ नव्हे.

स्नायूतली लस दंडातच. लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीही नाही. तिथं चरबीचा थर जाड असतो, लस स्नायूपर्यंत पोहोचतच नाही आणि प्रतिकारशक्ती कमी उभी राहते. गावातल्या कंपाउंडरला ‘इंजेक्शन म्हणजे कमरेत’ ही सवय असेल तर तिथंच थांबवा. मलेरियासाठी क्लोरोक्वीन चालू असेल तर कातडीतल्या पद्धतीऐवजी स्नायूतली घ्यायची. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं लस आणि सीरम दोन्ही घ्यायचं, टाळायचं काहीच नाही. आणि मटण, अंडी, वांगी, डाळ यांचं पथ्य कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

मेडिकलमधून लस विकत घेणार असाल तर बर्फाच्या पिशवीत घेऊन थेट दवाखान्यात जा, बिल घ्या आणि बॅच नंबर कार्डावर लिहवून घ्या. एका डोसला साधारण तीन-चारशे रुपये पडतात.

आता सीरम. लसीनं शरीर स्वतःची प्रतिद्रव्यं बनवतं, पण त्यात ७ ते १४ दिवस जातात. तोवर जखमेत बसलेल्या विषाणूला कोण अडवणार? तयार प्रतिद्रव्यं थेट जखमेत भरायची, हेच सीरमचं काम. तिसऱ्या वर्गात हे टाळलं की उपचार अर्धा राहतो, आणि लस वेळेवर घेऊनही रेबीज झाल्याचं जेव्हा आढळतं तेव्हा बहुतेक वेळा एक तर सीरम दिलेलंच नसतं, किंवा एखादी जखम राहून गेलेली असते.

मिळतं ते तीन प्रकारचं. घोड्याचं सीरम, ज्याला दवाखान्यात ‘एआरएस’ म्हणतात: किलोमागं ४० युनिट, जास्तीत जास्त ३,०००. माणसाच्या रक्तातलं इम्युनोग्लोब्युलिन: किलोमागं २० युनिट, जास्तीत जास्त १,५००. आणि प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिद्रव्यं. त्यांत रेबिशील्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं, २०१७ पासून बाजारात, किलोमागं ३.३३ युनिट, आणि झायडसचं ट्विनरॅब, किलोमागं ४० युनिट. आकडे वेगवेगळे असले तरी ‘कमी युनिट म्हणजे कमी ताकद’ असं नाही, ती मोजण्याची रीत वेगळी आहे.

६० किलोच्या माणसाचा हिशेब करून बघा. घोड्याचं २,४०० युनिट लागेल. ५ मिलिच्या बाटलीत १,५०० युनिट असतील तर ८ मिलि, म्हणजे दोन बाटल्या फोडाव्या लागणार. माणसाचं १,२०० युनिट; ३०० युनिटच्या २ मिलिच्या बाटल्या असतील तर चार, आणि बिल हजारोंच्या घरात. रेबिशील्ड २०० युनिट. १०० युनिटच्या बाटल्या असतील तर दोन. बाटलीवरची ताकद कंपनीनुसार बदलते, म्हणून लेबल वाचूनच हिशेब. कागदावर वजन लिहिलेलं नसेल तर डोस अंदाजानं निघालाय असं समजा. आणि ‘एक बाटली देऊन टाकू’ हे उत्तर मोठ्या माणसासाठी बहुतेकदा अपुरं असतं. उलट ठरल्यापेक्षा जास्त देणंही चूक: जादा प्रतिद्रव्यं लसीच्या कामात आडवी येतात.

कोणतं निवडावं? घोड्याचं सीरम आता शुद्ध केलेलं असतं, गंभीर रिअॅक्शन क्वचित येते. ती आवरणारं अॅड्रिनॅलिन हाताशी हवं आणि नंतर अर्धा तास तरी दवाखान्यात बसायला हवं. आठवडाभरानं ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ असं काही जणांना होतं. तो सीरमचा त्रास असतो, औषधानं जातो. टोचून आधी चाचणी करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी चालू आहे, पण तिच्यावरून रिअॅक्शनचा भरवशाचा अंदाज येत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना ती आवश्यक मानत नाही. माणसाचं सीरम याबाबतीत निर्धोक, पण महाग आणि नेहमी मिळेलच असं नाही. मोनोक्लोनलमध्ये घोडाही नाही, रक्तही नाही, आणि भरायचा द्राव कमी. रेबिशील्डबद्दल आक्षेप एवढाच की त्यात एकच प्रतिद्रव्य आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेचा कल दोन किंवा अधिक प्रतिद्रव्यांच्या मिश्रणाकडं आहे. ट्विनरॅबमध्ये दोन आहेत. पण हे सगळं निवडायला सवड असेल तर. समोर घोड्याचंच असेल तर घोड्याचंच, आणि आजच. महागडं मागवतो म्हणून दोन दिवस थांबणं हा वाईट सौदा.

सीरम किती दिलं यापेक्षा कुठं दिलं, याला महत्त्व जास्त. पूर्ण डोसमधलं जितकं जखमेत आणि जखमेच्या कडेनं मावेल तितकं तिथंच, खोलपर्यंत, प्रत्येक जखमेत. दंडात एक इंजेक्शन ठोकून मोकळं होणं म्हणजे सीरम वाया घालवणं. पंधरा किलोच्या पोराला चेहऱ्यावर सहा-सात दात लागलेत आणि घोड्याचं सीरम जेमतेम २ मिलि निघतंय, अशा वेळी ते सलाइननं वाढवायचं, म्हणजे शेवटच्या जखमेपर्यंत पुरतं. बोटाच्या टोकाला उलट अडचण: जागा इवलीशी. जोरात ढकललं की पेर टणक होतं, पांढरं पडतं, दाबानं रक्त अडतं. तिथं हळूहळू आणि मावेल तेवढंच. उरलेलं लांबच्या स्नायूत देण्याचा आग्रह जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ पासून सोडला आहे. लस आणि सीरम एका सिरिंजमध्ये कधीही नाही. टाके शक्यतो घालायचे नाहीत. घालावेच लागले तर सीरम भरल्यानंतर, सैलसर. आधी टाके आणि मग सीरमसाठी मोठ्या रुग्णालयात रवानगी, हा उलटा क्रम अजून दिसतो.

भरताना दुखतं, लपवण्यात अर्थ नाही. सुजलेल्या जखमेत सुई फिरते. मूल असेल तर धरायला दोन माणसं लागतात. बहुधा याच कारणानं गर्दीच्या ओपीडीत ‘आज लस घ्या, सीरमचं नंतर बघू’ असं होतं. तसं झालं तर हे लक्षात ठेवा: पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं. त्यानंतर लसीची प्रतिद्रव्यं तयार होऊ लागतात, मग देत नाहीत. ‘साठा नाही’ असं उत्तर मिळालं तर लसीचा पहिला डोस तिथंच घ्या आणि त्याच दिवशी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. चिठ्ठीवर ‘कॅट ३, सीरम दिलेलं नाही’ एवढं लिहवून घेतलं की पुढच्या ठिकाणी वाद होत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं; ते घेतलं म्हणजे कुत्र्याचं झालं, असं समजणारेही कमी नाहीत.

कुत्रं किंवा मांजर चावलं असेल आणि ते नजरेसमोर असेल, तर १० दिवस बघायचं. लाळेत विषाणू आला की जनावर त्या मुदतीत आजारी पडतं आणि मरतं. पण ‘१० दिवस बघू, मग इंजेक्शन’ हे उलटं आहे. इंजेक्शन आज, बघणं बरोबरीनं. दहाव्या दिवशी ते ठणठणीत असेल तर डॉक्टर पुढचे डोस कमी करू शकतात. हा नियम फक्त कुत्र्या-मांजराचा. माकड, मुंगूस, कोल्हा, गाय यांना लागू नाही. घरातल्या उंदराच्या चाव्याला रेबीजची लस सहसा लागत नाही.

कुत्रं पिसाळलं म्हणजे ते चवताळून धावतच येईल, असं नाही. मुका प्रकार जास्त फसवा. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. मालकाला वाटतं घशात हाड अडकलं, आणि तो तोंडात हात घालतो. गाई-म्हशींचं तसंच. लाळ गळते म्हणून लाळ-खुरकत समजतात, किंवा चारा अडकला म्हणून घशात हात घालून बघतात. सतत घोगरं हंबरणं, शेण-मूत्रासाठी कुंथत राहणं, मागचे पाय लटपटणं ही चिन्हं एकत्र दिसली की तोंडात हात घालू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. हात घातला असेल तर धुणं आणि लस-सीरम, चाव्यासारखंच. अशा जनावराचं उकळलेलं दूध प्यायलेल्यांना लसीची गरज नसते. उरलेलं दूध मात्र फेकून द्या. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या गुरांना लक्षणं दिसण्याआधी ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी लस देता येते. पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, पुढं दरवर्षी.

या संचाची गरजच कमी कशी करायची, ते शेजारी बघता येतं. गोव्यात घरोघर, गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचत गेले आणि २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. तिथंही चावा बसला की मात्र साबण-लस-सीरम हाच क्रम.

शेवटचा डोस हा या सेवेचा दुसरा कच्चा दुवा. २८ वा दिवस येईतो जखम भरलेली, मजुरी बुडवून पुन्हा जायचं जिवावर येतं. जागतिक आरोग्य संघटना आता ०, ३, ७ अशी एका आठवड्याची कातडीतली पद्धतही मान्य करते, पण आपल्याकडच्या वेळापत्रकात २८ वा दिवस आहे, तेव्हा तो घ्यायचा. मधला एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, चुकलेला लगेच घेऊन पुढं जायचं. गाव बदललं, लसीची कंपनी बदलली तरी चालतं. चावून महिना झाला आणि काहीच घेतलेलं नाही, तरीही जावं. आजच चावलं असं धरून उपचार देतात.

कार्ड जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पूर्ण डोस झालेल्या माणसाला पुन्हा कुत्रं चावलं तर ० आणि ३ व्या दिवशी एकेक डोस पुरतो, सीरम लागत नाही. कार्ड नसेल तर सगळं पहिल्यापासून, सीरमसकट.